गोळाफेकीला तालीम मिळाली नाही

अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांत मैदानी खेळांच्या चमूला फेकीच्या प्रकारांसाठी वेगळा प्रशिक्षक असतो. गोळा, थाळी, भाला आणि हातोडा एवढेच तो शिकवतो. त्यावर त्याचा संसार चालतो, आणि एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जात तो हेच काम करून निवृत्त होऊ शकतो. नगर जिल्ह्यात, म्हणजे 2024 पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, महाविद्यालयीन शिक्षण सुरू होऊन पाऊण शतक उलटून गेले. तरी आपल्या महाविद्यालयांच्या पदरचनेत अशा माणसाला जागा झालेली नाही. याची कारणे बहुधा आपल्या मुलांच्या अंगकाठीत किंवा पैशाच्या तुटवड्यात शोधली जातात. माझ्या मते खरे कारण पदाच्या घडणीत आहे. महाविद्यालयाने खेळासाठी माणूस नेमला तेव्हा त्याच्याकडून व्यवस्था पाहण्याची अपेक्षा होती, एखादे कसब वर्षानुवर्षे शिकवण्याची नव्हती. कुस्तीचे त्यात फारसे बिघडले नाही, कारण तिची तालीम महाविद्यालयाबाहेर आधीपासून उभी होती. फेकीला बाहेरही कुणी नव्हते.

तालमीचा वस्ताद हा त्या अर्थाने पक्का विशेषज्ञ होता. एकच विद्या, ती आयुष्यभर, आणि त्याच मातीत वाढलेल्या पठ्ठ्यांपैकी एखाद्याच्या हाती पुढे सोपवायची. त्याला खुराक आणि बिदागी देणारे संस्थानिक, गावकरी, जत्रेचे फड होते. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात 1912 साली खासबाग मैदान बांधले गेले. तो या आश्रयाचा सर्वांत ठळक पुरावा, पण लहान प्रमाणात हीच व्यवस्था दख्खनच्या गावोगावी होती आणि नगर जिल्हा तिला अपवाद नव्हता. महाविद्यालये आली तेव्हा त्यांना या विद्येचा आयता लाभ झाला. खाशाबा जाधव हे याचे उत्तम उदाहरण. गोळेश्वरच्या पैलवान घरात जन्मलेला हा मुलगा कराडच्या मातीत तयार झाला आणि मग कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचा विद्यार्थी म्हणून पुढे आला. 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिम्पिकला जाण्यासाठी पैसे कमी पडले तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही हकीकत महाराष्ट्राला पाठ आहे. तिचा मोठेपणा नाकारण्याचे कारण नाही. पण इतिहास म्हणून पाहिले तर त्यात एक विभागणी दिसते. महाविद्यालयाने पैसा, नाव आणि माया दिली. डाव तालमीने शिकवले. ही विभागणी सगळ्याच खेळांना लागू पडेल असे पुढे गृहीत धरले गेले, आणि ज्या खेळांना तालीम नव्हती ते खेळ उघड्यावर पडले.

महाविद्यालयातल्या खेळाच्या माणसाची परंपरा वेगळ्या मुळातून आली. हॅरी क्रो बक यांनी 1920 साली मद्रासला वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले. मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ असताना, 1938 साली, कांदिवलीला सरकारी प्रशिक्षण संस्था निघाली. तिचे प्राचार्य पी. एम. जोसेफ पुढे 1957 साली ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. या संस्थांसमोर प्रश्न होता तो शाळाशाळांतून हजारो मुलांना कवायत, खेळ आणि आरोग्य शिकवणारे शिक्षक कसे तयार करायचे, हा. तो प्रश्न मोठा होता आणि त्यांनी तो प्रामाणिकपणे हाताळला. पण अशा शिक्षकाला सगळे थोडेथोडे यावे लागते. कबड्डीची आखणी, खो-खोचे नियम, लेझीम, सूर्यनमस्कार, प्रथमोपचार, आणि त्यातच कुठेतरी गोळाफेकीचा एक धडा. स्पर्धात्मक प्रशिक्षकाचा स्वतंत्र अभ्यासक्रम पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत निघाला तो 1961 नंतर. तोवर महाविद्यालयांतल्या पदाचा साचा ठरून गेला होता.

नगर जिल्ह्यात हा साचा कसा रुजला हे पाहण्याजोगे आहे. डॉ. भा. पां. हिवाळे यांनी 1947 साली अहमदनगर महाविद्यालय स्थापन केले. दोन वर्षांनी पुणे विद्यापीठ निघाले. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकारी साखर कारखाना 1950 साली गाळपाला लागला, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत कालव्याच्या पाण्यामागून महाविद्यालये आली: 1961 साली संगमनेर, शिवाय कोपरगाव, श्रीरामपूर, लोणी. राहुरीला 1968 साली कृषी विद्यापीठ झाले. मैदाने मिळाली, जिमखाने झाले, आणि बहुतेक ठिकाणी खेळाचा एक माणूस आला. विद्यापीठाने स्पर्धांसाठी पुणे शहर, पुणे जिल्हा, नगर आणि नाशिक असे विभाग पाडले. महाविद्यालयातून विभागात, विभागातून आंतरविभागीय स्पर्धेत, तिथून विद्यापीठाच्या संघात, अशी शिडी तयार झाली. या शिडीने खेड्यातल्या मुलाला पुण्याच्या मैदानावर नेले, हे तिचे खरे श्रेय. मात्र ती चालवायला लागणारा माणूस म्हणजे पात्रता अर्ज भरणारा, प्रवासभत्त्याची बिले करणारा, पंच जमवणारा, फक्की मारून घेणारा माणूस. या माणसाचे, म्हणजे क्रीडा संचालकाचे, वर्ष त्यातच जाते. शिवाय एका महाविद्यालयाला एकच संचालक. मग क्रिकेटपासून बुद्धिबळापर्यंत सारे त्याच्याच गळ्यात.

विद्यापीठ अनुदान आयोगाने या पदाला अध्यापकाची वेतनश्रेणी दिली, ही मोठी गोष्ट झाली. जिमखान्याच्या माणसाला प्राध्यापकांच्या खोलीत खुर्ची मिळाली. पण पात्रतेच्या अटी वाचल्या की पदाकडून काय मागितले आहे ते कळते. शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी हवी, नेट हवी, स्वतः खेळल्याचा दाखला हवा, आणि शारीरिक क्षमतेची चाचणी हवी: तिशीच्या आतल्या पुरुषाने बारा मिनिटांत 1,800 मीटर अंतर कापायचे. कुठलाही एक प्रकार खोलात शिकवता येतो का, याची विचारणा नाही. मूल्यमापनात विद्यार्थ्यांच्या सहभागाला आणि निवडीला स्थान आहे, हे मान्य. परंतु विद्यापीठाच्या संघात गेलेला मुलगा कोणत्या खेळातला आणि तो कुणी घडवला, याने तिथे फरक पडत नाही. ज्याला बढती हवी त्याने स्पर्धा भरवाव्यात आणि संशोधनपर लेख लिहावेत, हेच शहाणपणाचे ठरते. पंधरा वर्षे दोन मुलींना थाळी शिकवत बसणे हे या व्यवस्थेत व्यावसायिक नुकसान आहे.

आणि फेक पंधरा वर्षेच मागते. पुरुषांचा गोळा 7.26 किलोचा, महिलांचा 4 किलोचा. वर्तुळाचा व्यास 2.135 मीटर. एवढ्या जागेत, सेकंद-दीड सेकंदात, पाठमोऱ्या उभ्या राहिलेल्या माणसाने पायापासून बोटांपर्यंत जोर क्रमाने चढवत न्यायचा आणि पुढे पडणे रोखायचे. पुस्तकातला 45 अंशांचा कोन इथे चालत नाही. गोळा सुटतो तो जमिनीपासून दोन मीटरहून अधिक उंचीवर, आणि कोन चढा ठेवला तर हाताला तितका वेग देता येत नाही, म्हणून उत्तम फेकी साधारण पस्तीस ते अडतीस अंशांच्या आसपास सुटतात. हे मुलाच्या अंगात उतरवायचे तर कुणीतरी रोज बाजूला उभे राहून पाहिले पाहिजे. शिवाय विद्याही बदलत राहते. पॅरी ओब्रायनने फेकीच्या दिशेकडे पाठ करून सरकण्याची पद्धत आणली आणि मे 1954 मध्ये साठ फुटांची मर्यादा ओलांडली. अलेक्सांद्र बारिश्निकोव्हने गिरकी घेत 1976 साली 22 मीटर गाठले. पूर्व जर्मनीच्या उवे होनने 1984 साली भाला 104.80 मीटर फेकला, तेव्हा मैदाने अपुरी पडतील म्हणून 1986 पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य पुढे सरकवण्यात आला आणि भाला फेकण्याची रीतच बदलली. 1980 साली बी.पी.एड. झालेल्या शिक्षकाला हे बदल समजावून सांगण्याची कुठलीही कायमची सोय नव्हती. त्यात आपला विद्यार्थी तीन वर्षांत पदवी घेऊन जातो, तर फेकणारा खेळाडू बहुधा पंचविशीनंतर पिकतो. कुमार गटात सहा किलोचा गोळा फेकणारा मुलगा महाविद्यालयात आल्यावर एकदम सव्वासात किलोला हात घालतो, अंतर दोन-तीन मीटरने घसरते, आणि नेमक्या त्याच वर्षी त्याला धीर देणारे कुणी नसते.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की फेक आपल्या मातीत होतीच. शिवारात पाखरे हाकणारी गोफण होती, दोरी बांधलेला मराठ्यांचा विटा होता, तालमीत दगडी गुंडे उचलले जात. अभिमान म्हणून हे ठीक आहे. पुरावा म्हणून ते तोकडे पडते. गोफण आणि विटा या नेमाच्या विद्या आहेत, त्यांत लक्ष्य गाठायचे असते. गुंडा उचलण्यात बळ आहे, वेग नाही. आधुनिक फेक वेगावर उभी आहे, आणि ती शिकवण्याची परंपरा आपल्याकडे नव्हती हे मान्य केल्याशिवाय ती कुणी निर्माण करायची हा प्रश्नच पुढे येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गोळा आणि थाळी ही पंजाब-हरियाणाच्या धिप्पाड माणसांची कामे, असे म्हटले जाते. जोगिंदर सिंग, प्रवीणकुमार, बहादूर सिंग, आताचा 21.77 मीटरचा तजिंदरपाल तूर ही नावे पाहिली की ते पटतेही. बळकट हाडापेराचे महत्त्व मी नाकारत नाही. पण त्या नावांच्या मागे पोलीस, सैन्य आणि रेल्वे यांच्या नोकऱ्या होत्या, आणि त्या नोकऱ्यांनी खेळाडूला तिशीपर्यंत मैदानावर टिकवले. शिवाय जिथे शिकवणारा मिळाला तिथे भूगोल आड आला नाही. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत भाल्याचे कांस्य जिंकणारा काशिनाथ नाईक उत्तर कन्नडमधल्या शिरसीकडचा, सैन्यातला. किशोर जेना ओडिशातल्या पुरीजवळच्या खेड्यातला. व्हॉलीबॉल खेळणारा हा मुलगा भुवनेश्वरच्या क्रीडा वसतिगृहात भाल्याकडे वळला आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत 87.54 मीटर फेकून नीरज चोप्रापाठोपाठ रौप्य घेऊन आला. आणि आपल्या घरचा दाखला सचिन खिलारीचा. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा, म्हणजे कर्जत-जामखेडइतक्याच दुष्काळी पट्ट्यातला. एका हाताला कायमचे अपंगत्व आलेला हा अभियंता पुण्यात आधी भाला आणि मग गोळा शिकला, आणि त्याने 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये 16.32 मीटरच्या फेकीवर रौप्यपदक मिळवले. त्याला अंगकाठीने नाही, सराव आणि मार्गदर्शनाने तिथे नेले.

सैन्याचा मुद्दा नगरकरांना वेगळा सांगायला नको. चिलखती दलाचे केंद्र 1948 पासून शहरात आहे. शेजारच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात भरती झाला, आणि तिथल्या प्रशिक्षक अमरीश कुमारांनी त्याला अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळवले. तो फेकीचा खेळाडू नव्हे, पण उदाहरण लागू पडते: याच मातीतला मुलगा, आणि त्याच्यातला गुण ओळखून त्याला एका प्रकाराला जुंपणारा माणूस बाहेरच्या व्यवस्थेत भेटला.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो. महाविद्यालय हे पदकांचा कारखाना नाही. हजार विद्यार्थ्यांना मैदानावर आणणे हे संचालकाचे पहिले काम आहे, दोघांसाठी बाकीच्यांना सोडून देणे अन्याय आहे. हे पूर्ण खरे आहे. म्हणूनच संचालकाला फेकीचा प्रशिक्षक बनवावे असे माझे म्हणणे नाही. ती दोन वेगळी कामे आहेत, आणि दोन्ही एकाच माणसावर टाकल्यामुळे त्याच्यावरच अन्याय झाला. आपल्या जिल्ह्यातल्या अनेक संचालकांनी स्वतःच्या खिशातून गोळे आणले, सुट्टीत सराव घेतला, मुलांना घरी जेवू घातले. त्यांची नावे विद्यापीठाच्या विजेत्यांच्या यादीत येत नाहीत. जे घडले ते त्यांच्या पदामुळे नाही, पदाची चौकट ओलांडल्यामुळे घडले. त्यात आता अनुदानित महाविद्यालयांतली पदभरती वर्षानुवर्षे रखडते आणि जिमखाना मानधनावरच्या माणसाकडे जातो. त्या माणसाकडून कोणत्या हक्काने तपश्चर्येची अपेक्षा करावी?

एका महाविद्यालयाला फेकीचा स्वतंत्र प्रशिक्षक परवडणार नाही, हे उघड आहे. एका गावाला साखर कारखानाही परवडला नसता. प्रवरानगरला धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटलांनी त्यावर सहकाराचा उपाय काढला हे या जिल्ह्याला सांगावे लागत नाही. इथल्या शिक्षण संस्था एकेकट्या महाविद्यालयाच्या नाहीत. रयत शिक्षण संस्था, जिल्हा मराठा विद्या प्रसारक समाज, प्रवरेची संस्था, प्रत्येकीच्या छत्राखाली शाळा, कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालये आहेत. म्हणजे आठवीतल्या मुलीच्या हाती थाळी देऊन तिला पदवीपर्यंत एकाच नजरेखाली ठेवता येईल अशी रचना तयार आहे, जी अमेरिकेतल्या विद्यापीठालाही मिळत नाही. उत्तरेत एक आणि दक्षिणेत एक असे दोन प्रशिक्षक, पतियाळाची पदविका असलेले, संस्थांनी मिळून वेतनावर ठेवलेले. सिमेंटची पक्की वर्तुळे, हातोड्यासाठी जाळीचा पिंजरा, आणि पदवीनंतर पाच वर्षे सराव चालू ठेवणाऱ्याला वसतिगृहात जागा. खर्चाचा मोठा भाग पगाराचा असेल, आणि तो टाळण्यासाठीच आजवर मैदाने बांधली गेली पण माणसे नेमली गेली नाहीत. नगर विभागाच्या क्रीडा समितीत या महाविद्यालयांचे प्रतिनिधी एकत्र बसतातच. स्पर्धांच्या तारखा ठरवून झाल्यावर हा विषय त्यांनी तिथेच मांडावा; त्यासाठी विद्यापीठाच्या किंवा सरकारच्या नव्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही.