बहिऱ्या मुळाचा प्रवास

नववीच्या वर्गात करणींचा पाठ सुरू झाला की एक चूक आम्हाला दरवर्षी भेटते. फळ्यावर √(१८क्ष) + √(८क्ष) लिहिले की अर्धा वर्ग √(२६क्ष) असे उत्तर देऊन मोकळा होतो. एकदा वैतागून आम्ही म्हणालो, "बीजगणित अल्-ख्वारिझ्मींनी दिले, आणि तुम्हाला एवढेही येत नाही?" मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मग त्यांनी हे कसे केले, ते सांगा ना सर." आम्ही गप्प झालो. नाव पाठ होते, काम ठाऊक नव्हते.

मग आम्ही वाचायला बसलो. खलीफा मामून यांच्या काळात (८१३-८३३) बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मींनी 'अल्-जब्र वल्-मुकाबला' हा विषय ग्रंथरूपात मांडला. त्यात चिन्हे नाहीत. सारे शब्दांत आहे. अज्ञात राशी म्हणजे 'जज्र', अर्थात मूळ. तिचा वर्ग म्हणजे 'माल'. ते सांगतात : मुळाची दुप्पट हवी असेल तर दोनाला दोनाने गुणा, मग त्या वर्गाने गुणा आणि आलेल्या गुणाकाराचे मूळ घ्या, वर्ग ज्ञात असो वा अज्ञात. म्हणजेच २√क्ष = √(४क्ष). हाच नियम उलट वाचला की आपले सरळरूप होते.

अकराव्या शतकाच्या आरंभी बगदादमध्येच अल्-करजींनी √८ + √१८ = √५० हे दाखवले. १८ म्हणजे ९ × २, आणि ८ म्हणजे ४ × २. तीन मुळे आणि दोन मुळे मिळून पाच मुळे : ५√२. आमच्या फळ्यावरचे उत्तरही तसेच, ५√(२क्ष). बेरीज सरूप करणींची होते, मुळाखालच्या संख्यांची नव्हे.

जे मूळ अपूर्णांकातही नेमके सांगता येत नाही, त्याला अरबीत 'असम्म', म्हणजे बहिरा, म्हटले गेले. लॅटिन भाषांतरात त्याचे 'सर्डस' झाले, त्यातून इंग्रजी 'सर्ड' आला. अंदलुसचे अल्-कलसादी (मृत्यू १४८६) मुळासाठी संख्येवर 'जीम' लिहीत. √ हे चिन्ह १५२५ मध्ये जर्मनीत रुडॉल्फच्या पुस्तकात छापले गेले.

पण हा वारसा केवळ आपला म्हणणे अन्याय होईल. ब्रह्मगुप्तांनी ६२८ मध्येच करणींचे नियम दिले होते. भास्कराचार्यांनी 'बीजगणित' (११५०) मध्ये सांगितले की धन संख्येचे मूळ धन असते आणि ऋणही. म्हणून √(क्ष²) म्हणजे डोळे मिटून क्ष नव्हे. क्ष = -३ घेतला तर उत्तर ३ येते; √ या चिन्हाने ऋण नसलेले मूळच घ्यायचे, म्हणून |क्ष| लिहावे. याच 'बीजगणिता'चे फारसी भाषांतर शाहजहानच्या काळात, १६३४-३५ मध्ये, अताउल्लाह रशीदींनी केले. आपल्या औरंगाबादचा, आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, बीबी का मकबरा ज्या अताउल्लाहंनी उभारला, ते हेच मानले जातात.

दुसऱ्या दिवशी आम्ही हे सारे वर्गात सांगितले आणि खडू त्या मुलीच्या हाती दिला. तिने अठराचे नऊ-दोन केले, आठाचे चार-दोन केले आणि पाच लिहून आमच्याकडे पाहिले. पूर्वजांची नावे घेऊन मुलांना लाजवण्याची आमची सवय तेव्हापासून सुटली. आता आम्ही त्यांची रीत शिकवतो.