ओकचे दार

बेळगावला शिकत असताना वसतिगृहाच्या एका खोलीत आम्ही चौघे राहत होतो. दाराला आतून कडी होती. पण ती लावली की रेक्टरांची थाप पडलीच. त्यामुळे केंब्रिजच्या जुन्या कॉलेजांतील दारांविषयी प्रथम वाचले, तेव्हा हेवाच वाटला.

तिथे खोल्यांची लांबच लांब रांग नसे. एकेका जिन्याभोवती बिऱ्हाडे. बसायची खोली निराळी, निजायची निराळी आणि बाहेर एकामागे एक अशी दोन दारे. बाहेरचे जाड दार म्हणजे ‘ओक’. आतले दार नुसते लोटलेले असेल तर मित्राने खुशाल थाप मारावी. ओक लावलेला दिसला, की मुकाट्याने जिना उतरावा. आत माणूस आहे हे ठाऊक असूनही! कुलपापेक्षा संकेत मोठा.

हे सुख अर्थात पुरुषांचे. १८७३ मध्ये मुलींचे कॉलेज केंब्रिजजवळ गर्टनला आले. आल्फ्रेड वॉटरहाउस यांच्या आराखड्यात जिन्यांऐवजी लांब बोळ होते. येणारीजाणारी नजरेत राही. परंतु एमिली डेव्हिस यांचा आग्रह असा, की प्रत्येकीला दोन खोल्या हव्यात. त्या काळच्या इंग्रजी घरात मुलीचा वेळ सगळ्यांच्या मालकीचा असे, हे त्या जाणून होत्या.

व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२८ मध्ये न्यूनहॅम आणि गर्टनच्या विद्यार्थिनींपुढे व्याख्याने दिली. त्यांवरून १९२९ मध्ये निघालेल्या पुस्तकात वर्षाला ५०० पौंड आणि कुलूप लागणारी स्वतःची खोली मागितली आहे. चर्चा होते ती पौंडांची.

माझ्या धाकट्या बहिणीच्या वसतिगृहात दाराला आतून कडीच नव्हती. परीक्षेच्या दिवसांत ती दाराला ट्रंक लावून वाचत बसे.