यंत्राला जामीन कोण?

माहिती तंत्रज्ञानाची वरात पुढे निघून जाते आणि कायद्याचं घोडं मागून येतं, हे आपल्याकडे आता मत राहिलेलं नाही, गृहीतक झालं आहे. उपायही ठरलेला असतो: कायदा भराभर अद्ययावत करा. मला हे निदान चुकीचं वाटतं आणि उपाय तर धोक्याचा वाटतो.

पूर्वपक्षाला त्याचं सगळ्यात बळकट उदाहरण मी स्वतःच देतो. ते जालन्याचं आहे. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज भरायची मुदत २७ सप्टेंबरला दुपारी तीनला संपत होती. निकालात अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पराभूत कैलास गोरंट्याल न्यायालयात गेले: खोतकरांचे अर्ज तीननंतर घेतले, असा त्यांचा दावा. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात कॅमेरे होतेच. चित्रणाच्या सीडी न्यायालयात आल्या, पण संगणकीय नोंदीसोबत पुरावा कायद्याच्या कलम ६५ब प्रमाणे लागणारं, यंत्र नीट चालत होतं असं सांगणारं प्रमाणपत्र, वारंवार मागूनही, अधिकाऱ्यांनी दिलं नाही. औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७मध्ये निवडणूक रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला १४ जुलै २०२०ला. तोवर २०१९ची निवडणूक होऊन गोरंट्याल आमदारही झाले होते.

आणि ते कलम कुठून आलं? माहिती तंत्रज्ञान कायद्याने २०००मध्ये ते १८७२च्या पुरावा कायद्यात घातलं, पण त्याचा साचा इंग्लंडच्या १९६८च्या दिवाणी पुरावा कायद्याचा. संगणक म्हणजे एखाद्या संस्थेच्या खोलीत नेमाने चालणारं, जबाबदार अधिकाऱ्याच्या ताब्यातलं यंत्र, असं त्यात धरलं आहे. खुद्द इंग्लंडने ती तरतूद १९९५मध्ये काढून टाकली होती. म्हणजे आपण टाकून दिलेलं वस्त्र नवं म्हणून शिवून घेतलं. घोडं मागे राहिल्याचा याहून स्पष्ट दाखला कोणता?

पण इंग्लंडने पुढे जाऊन काय केलं, तेही पाहायला हवं. फौजदारी खटल्यांसाठी तिथे १९८४च्या पोलीस व फौजदारी पुरावा कायद्यात कलम ६९ होतं. संगणकाची नोंद पुरावा म्हणून आणायची तर संगणक नीट चालत होता हे आधी दाखवा, असं ते सांगत होतं. ही अट जुनाट ठरली आणि १९९९च्या कायद्याने ती गेली. मग न्यायालयं संगणक बरोबर चालतो असंच धरून चालू लागली; तो चुकतो असं ज्याचं म्हणणं, त्यानेच आधी काहीतरी दाखवायचं. त्याच सुमारास तिथल्या टपाल खात्यात फुजित्सूची हॉरायझन ही हिशेबप्रणाली बसवली जात होती. गावोगावच्या टपाल कार्यालयांच्या चालकांच्या रकमा जुळेनात. तूट यंत्राने दाखवली म्हणून १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक जण चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, काही निर्दोष ठरायच्या आधीच वारले. प्रणालीत दोष होते, आणि फुजित्सूचे कर्मचारी शाखेच्या हिशेबात दुरून हात घालू शकत होते, हे २०१९च्या निकालात सिद्ध झालं. शिक्षा सरसकट पुसायला संसदेला २०२४मध्ये वेगळा कायदा करावा लागला.

इथे घोडं मागे नव्हतं. ते काळाबरोबर चाललं, आणि म्हणूनच माणसं तुडवली गेली. जुना कायदा एक प्रश्न विचारत होता: या यंत्राला जामीन कोण? नव्या कायद्याने तो विचारणं सोडलं. ज्या न्यायालयात यंत्राचा शब्द आपोआप खरा धरला जातो, तिथे चुकांची नोंदवही लपवून ठेवणाऱ्याचंच फावतं.

कायदा तंत्रज्ञान घडवतो तो असा, त्याच्याकडे काय मागतो यावरून. आपला २०००चा माहिती तंत्रज्ञान कायदा सहीच्या बाबतीत तर पुढेच होता: एक गुप्त आणि एक खुली अशा किल्ल्यांच्या जोडीने होणाऱ्या कूटलेखनावर चालणारी डिजिटल सही त्याने कलम ३मध्ये नावानिशी निवडली. कंपन्यांची विवरणपत्रं भरणाऱ्या सीएच्या टेबलावरचा सहीचा यूएसबी टोकन त्याच निवडीतून आला.

म्हणून ६५बच्या गैरसोयींसकट मी त्याच्या बाजूने आहे. जालन्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्र अनिवार्य ठेवलं. मात्र सगळे प्रयत्न करूनही ज्याला ते मिळालं नाही त्याला सूट दिली, आणि मूळ उपकरणच मालकाने साक्षीत हजर केलं तर प्रमाणपत्राची गरज नाही असं म्हटलं. प्रश्न राहिला, जाच कमी झाला. पुढे ६५बची जागा घेणाऱ्या, १ जुलै २०२४पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ने प्रमाणपत्राचा नमुनाच दिला. त्यात तज्ज्ञाचा वेगळा भाग आहे आणि फाइलचं हॅश मूल्यही लिहायचं आहे. हॅश म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा; एक अक्षर हललं तरी तो बदलतो.

एवढ्यावर मात्र मी समाधानी नाही. हॅश जुळला म्हणजे नंतर फाइल कुणी बदलली नाही, इतकंच कळतं. हॉरायझनच्या खोट्या तुटीचा हॅशही अचूक जुळला असता. यंत्र नीट चालत होतं असं प्रमाणपत्रात सही करून सांगणाऱ्याला त्या यंत्राच्या आतलं बहुधा काही ठाऊक नसतं. त्या सहीसोबत प्रणालीच्या ज्ञात दोषांची यादी आणि नोंदींत कोण दुरून बदल करू शकतं याची माहिती जोडणं बंधनकारक हवं, आणि दोन्ही कागद खटला उभा राहायच्या आधी आरोपीच्या वकिलाच्या हाती पडायला हवेत.