हुसेन, रुम्माना
हुसेन, रुम्माना : (१९५२–१९९९). भारतातील सादरीकरण-कलेच्या अग्रणी कलावंत. जन्म बंगळूरचा, कर्मभूमी मुंबई. आरंभी त्या चित्रकार होत्या. ६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली. पाठोपाठ मुंबईत दंगली उसळल्या. त्या आघाताने त्यांच्या कलेची दिशाच बदलली. फुटलेली मडकी, आरसे, गेरू व नीळ हे त्यांचे माध्यम झाले. ‘लिव्हिंग ऑन द मार्जिन्स’ (१९९५) या सादरीकरणात, नरिमन पॉइंट येथील एनसीपीए या कलाकेंद्राच्या प्रांगणात, पायांत घुंगरू बांधून, हाती चिरलेली पपई घेऊन त्या मूक आक्रोशात तोंड उघडे ठेवून चालल्या. ‘होम/नेशन’ (१९९६) हा मांडणशिल्पसंच केमोल्ड कलादालनात मांडला गेला. मुस्लिम स्त्रीचे घर, देह आणि नागरिकत्व यांवरील हिंसेला त्यांनी स्वतःच्या शरीरातून वाचा दिली. हेच त्यांचे चिरंतन मोल होय.