निवटीचे बारसे पॅरिसला

ठाण्याच्या खाडीतले फ्लेमिंगो बघायला लांबून माणसे येतात. त्याच चिखलात डोळे वर काढून बसलेल्या निवटीकडे मात्र कोणी ढुंकून बघत नाही. वास्तविक तिचे नाव १८३७ पासून शास्त्रीय ग्रंथांत आहे!

त्या वर्षी पॅरिसमध्ये क्युव्हिए आणि व्हॅलेन्सिएन यांच्या मत्स्यग्रंथाचा बारावा खंड निघाला. क्युव्हिए १८३२ मध्येच वारले होते, काम व्हॅलेन्सिएन ओढत होते. दुसुमिए नावाचा फ्रेंच व्यापारी पूर्वेकडच्या फेऱ्यांत मासे जमवून पॅरिसच्या संग्रहालयाला देई. मुंबईच्या निवटीला त्याचेच नाव लागले : बोलिओफ्थाल्मस दुसुमिएरी. पिढ्यान्पिढ्या बिळात कोपरापर्यंत हात घालून तिला पकडणारे आपले कोळी-आगरी त्या नावात कुठेच नाहीत. असो.

या निवटीचे सगळे आयुष्य बिळाभोवती. ओहोटीला वर येऊन चिखलावरचे शेवाळ खरवडून खायचे, अंग ओले आहे तोवर कातडीतूनही श्वास घ्यायचा. तिच्या एका जपानी भाऊबंदाची गंमत तर ऐकाच. नर तोंडात हवा भरभरून बिळात नेतो, अंडी छताला चिकटलेली असतात. पिल्ले तयार झाली की तीच हवा तो बाहेर काढतो, पाणी आत शिरते आणि अंडी फुटतात. लक्षद्वीपच्या प्रवाळांतले तिचे चुलतभाऊ तर कोळंबीशी घरोबा करतात. बीळ खणायचे अधू नजरेच्या कोळंबीने, पहारा माशाने करायचा. कोळंबीची मिशी सतत माशाच्या अंगाला टेकलेली.

१९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. वागळे इस्टेट, ठाणे-बेलापूर पट्टा, डोंबिवली असे कारखाने वाढले, वस्ती वाढली आणि सांडपाणी खाडीत आले. पाण्यातला प्राणवायू कमी झाला तरी निवटी वरची हवा घेऊन तगते. भरावापुढे मात्र तिचा इलाज नाही, बीळच बुजते.

२०१५ मध्ये खाडीत अभयारण्य झाले, तेही फ्लेमिंगोच्या नावाने. २०२२ मध्ये ६,५२१ हेक्टर क्षेत्र रामसर यादीत गेले. निवटीलाही त्यात आयता आसरा मिळाला म्हणा. पण आमच्या डोंबिवलीची मोठागाव-कोपरकडची खाडी उल्हास नदीची, ती या हद्दीत येत नाही. तिथल्या निवट्यांना ना फ्लेमिंगोची पुण्याई, ना रामसरची पाटी.