दमदम : एक नाव आणि एक चाचणी

मराठी इतिहाससाधनांच्या वाचकास ‘दमदमा’ हा शब्द अपरिचित नाही. वेढ्यात तोफा चढविण्यासाठी रचलेला मातीचा उंच चौथरा, असा या फारसी शब्दाचा अर्थ होय. कलकत्त्याजवळील दमदम या गावाचे नावही त्यावरूनच आले, असे मानले जाते. तेथील शस्त्रागारामुळे हे नाव पुढे एका गोळीस लाभले व युरोपीय भाषांत रूढ झाले.

इ. स. १८९५ च्या चित्रळ मोहिमेनंतर, ली-मेटफर्ड बंदुकीची पूर्ण कवचाची गोळी शरीरातून आरपार जाते, पण शत्रूस थोपवीत नाही, अशी तक्रार ब्रिटिश सैन्यात झाली. त्यावर दमदम येथे कॅप्टन बर्टी-क्ले यांनी टोकाशी थोडे शिसे उघडे ठेवलेली गोळी सिद्ध केली. शरीरात शिरताच ती पसरे व जखम मोठी होई.

१८९८ मध्ये ट्युबिंगेनचे शल्यविशारद ब्रुन्स यांनी अशा गोळ्यांचे भयंकर परिणाम प्रयोगांनी दाखविले. परंतु त्यांच्या गोळ्या माउझर बंदुकीच्या, शिकारीच्या होत्या. त्यांचे शिसे दमदम गोळीहून बरेच अधिक उघडे होते. दोन भिन्न वस्तूंना एकच नाव पडल्यामुळे एकीची चाचणी दुसरीविरुद्ध पुरावा ठरली. १८९९ च्या हेग परिषदेत ब्रिटिश प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांनी हा भेद मांडला. तथापि सुधारलेला सैनिक जखमी होताच थांबतो, रानटी मनुष्य मात्र चाल करून येतच राहतो, हा त्यांचा दुसरा युक्तिवाद त्या गोळीचे लक्ष्य कोण होते, हे उघड करतो. २९ जुलै १८९९ च्या घोषणेने शरीरात सहज पसरणाऱ्या गोळ्या निषिद्ध ठरविल्या. ब्रिटनने ती १९०७ मध्ये स्वीकारली.

त्याच काळात बर्न येथील शल्यविशारद टेओडोर कोखर जिलेटीन व साबण यांवर गोळ्या झाडून जखमांची कारणमीमांसा करीत होते. अशा पदार्थाचा लाभ हा की, तो सर्वत्र एकसारखा करता येतो. आज दहा टक्के जिलेटीनचा ठोकळा ४ अंश सेल्सिअसला थंड करून वापरतात. गोळीच्या वेगाने क्षणभर उघडलेली पोकळी जिलेटीनमध्ये पुन्हा मिटते व भेगा मागे राहतात. साबणात ती तशीच टिकते. हाडे, त्वचा व अवयव यांची विविधता मात्र या ठोकळ्यांत नसते.

पदार्थ प्रमाणित झाला, तरी कोणती गोळी झाडली हे नेमके सांगण्याची जबाबदारी सरत नाही. संज्ञा सैल राहिली, तर काटेकोर मापनही भलत्याच वस्तूची साक्ष देते.