चिक चॉकलेट
चिक चॉकलेट : (१९१६–१९६७). जाझच्या स्विंग युगातील मुंबईचा गोमंतकीय ट्रम्पेटवादक आणि बँडप्रमुख. मूळ नाव अँटोनिओ झेवियर वाझ. जन्म गोव्यातील हळदोणे (बार्देश) येथे. १९३५ मध्ये लिऑन अॅबी याचा आफ्रिकी-अमेरिकी बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला आणि शहरात जाझचे वेड पसरले. चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकलेल्या गोमंतकीय वादकांना त्यामुळे नवे दालन मिळाले. चिक हा त्यांतला सर्वांत झळाळता. लुई आर्मस्ट्राँग हा त्याचा आदर्श; वादन, गायन, रंगमंचावरचा आविर्भाव, सगळ्यांवर आर्मस्ट्राँगची छाप होती. ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ ही ओळख त्याला मिळाली खरी, पण तिने त्याच्या खऱ्या कामगिरीवर थोडा अन्यायच केला. ती कामगिरी चित्रपटसंगीतातली. पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र यांच्या चाली त्याने वाद्यवृंदात स्विंग आणि लॅटिन तालांनी सजवल्या. ‘अलबेला’ (१९५१) मध्ये तर तो आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतो. ‘नादान’ (१९५१) हा चित्रपट त्याने स्वतः संगीतबद्ध केला. पडद्यामागच्या बहुतेक गोमंतकीय वादकांची नावे श्रेयनामावलीत येतही नसत. त्या मानाने चिक भाग्यवान. मुंबईतच त्याचे निधन झाले.